कडेला बसलेले तारे

बाईंनी उभ्या आयुष्यात एकदाही दुर्बिणीला डोळा लावला नाही, असं मी सांगते तेव्हा लोकांना मी थापा मारतेय असं वाटतं. जिने दुर्बिणींच्या भिंगांपायी लग्न केलं नाही, सणवार केले नाहीत, एक घास सुखाने खाल्ला नाही, तिने आकाश पाहिलं नाही? नाही पाहिलं. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायच्या, "वाढणाऱ्याने पंगतीत बसायचं नसतं." आणि विचारणाऱ्याच्या तोंडावर दार लावून आत जायच्या. दार लावणं हा त्यांचा पूर्णविराम होता.

पनवेलजवळ नेऱ्याला डोंगराच्या पायथ्याशी त्यांची शेड होती. मूळ घर उरणकडचं, वडिलांची मिठागरं. ती गेली, तिथे कंटेनर रचले गेले, भाऊ बिल्डर झाले. बाई इकडे आल्या आणि त्यांनी एक लांबलचक, बिनखिडकीची शेड बांधली. गावाला वाटायचं, आत मशरूम पिकवतात. सरपंचांनी एकदा तसं विचारलंही, तर बाई म्हणाल्या, "हो, पण अजून उगवलेलं नाही." सरपंच बिचारे पुढचं वर्षभर चौकशी करत होते.

मी तिथे लागले तेव्हा नवीन पनवेलच्या आमच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेली मुलगी बँकेची परीक्षा सोडून काच घासायला जाते म्हणजे काय! आई शेजाऱ्यांना 'रिसर्चला आहे' म्हणून सांगायची आणि माझी नखांतली गुलाबी पावडर लपवायला लावायची.

पहिल्याच दिवशी बाईंनी मला काम समजावून दिलं ते असं. "मोठा आरसा म्हणजे लग्नघरचा यजमान. समोर बसलेल्या पाहुण्यांचं हवं-नको बघतो, आग्रह करतो. मांडवाच्या कडेला बसलेल्यांकडे त्याचं लक्ष जात नाही. तिथले तारे फिसकटतात, शेपट्या फुटतात त्यांना. पूर्वी चालायचं, मधलेच तारे बघायचे असायचे. आता या लोकांना एका फोटोत अर्धं आभाळ पाहिजे. म्हणून कॅमेऱ्याच्या तोंडाशी आपली चार भिंगं. चौघींनी मिळून कडेच्यांना वाढायचं. कडेचा तारा उपाशी उठता कामा नये. समजलं? नसेल समजलं तर घरी जा."

मला समजलं होतं. पुढे जाडजूड पुस्तकं वाचली, परदेशी लोकांची व्याख्यानं ऐकली, पण इतकं नीट कुणी सांगितलं नाही.

दारात त्या येणाऱ्याचा वास घ्यायच्या. अक्षरशः नाक पुढे करून. अंगाला पावडर नको, केसांना तेल नको, अंगठ्या-बांगड्या-घड्याळ दाराजवळच्या स्टीलच्या डब्यात. एकदा कुणी बडे साहेब पाहणीला आले होते. बाई पुढे झाल्या, त्यांच्या मानेजवळ नाक नेलं आणि म्हणाल्या, "पावडर. आंघोळ करून या." साहेब जे गेले ते गेलेच. आणि हीच बाई दुपारी आंब्याखाली बसून करंजाहून आणलेल्या सुकटीची चटणी तांदळाच्या भाकरीबरोबर इतक्या चवीने खायची की अर्ध्या नेऱ्याला वास जायचा. त्यानंतर हात धुण्याचा जो सोहळा चालायचा, तो बघून मला त्या साहेबांची दया यायची.

दुसरं वेड डाव्या बाजूचं. भिंगांची चित्रं काढणारे सगळेच प्रकाश डावीकडून आणतात, ती आमच्या धंद्यातली रीतच आहे. बाईंनी ती कागदावरून उचलून जगाला लावली होती. घरचं टेबल असं की खिडकी डाव्या हाताला. हॉटेलात गेलो तरी उजेड डावीकडून येईल अशी खुर्ची मिळेपर्यंत उभ्या. भाचीच्या लग्नात त्यांनी व्हिडिओवाल्याचा दिवा उचलून पलीकडे नेला आणि नवऱ्या मुलाच्या मामाशी भांडण ओढवून घेतलं. "उजवीकडून उजेड आला की घरात चोर शिरल्यासारखं वाटतं मला," म्हणायच्या. आम्ही हसायचो. त्या हसायच्या नाहीत.

शेडमधलं काम मात्र हसण्यासारखं नव्हतं. डांबरासारख्या काळ्या राळेच्या थाळीवर गुलाबी पावडरीचं पाणी सोडत भिंग हळूहळू घासायचं. राळ किती मऊ आहे हे बाई अंगठ्याचं नख रुतवून बघायच्या. निघते ती काच केसाहून कितीतरी बारीक. पण निघाली ती निघाली. "काढलेली काच परत लावता येत नाही," हे वाक्य दिवसातून इतक्यांदा कानावर पडायचं की मी घरी कांदा चिरतानाही दचकायचे.

घासून झालेलं भिंग बरोबर आहे का, हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी शेडच्या अंधाऱ्या भागात एक लांब बाक होतं. बाकाच्या एका टोकाला दिवा, त्याच्यापुढे मदतीचं एक छोटं भिंग, आणि दुसऱ्या टोकाला परीक्षेला बसलेलं मोठं भिंग. सगळं ठीक असेल तर पडद्यावर सरळ रेघा उमटतात. खोट असेल तर रेघा वाकतात. त्या छोट्या भिंगाला बाई 'साक्षीदार' म्हणायच्या. त्याला हात फक्त त्याच लावायच्या. पुसायचं त्यांनी, बसवायचं त्यांनी. आम्ही श्वाससुद्धा तोंड फिरवून घ्यायचा.

याच साक्षीदाराच्या जिवावर बाईंनी उत्तरेकडच्या एका डोंगरावरच्या दुर्बिणीची चार भिंगं करून दिली होती. ते त्यांचं आयुष्यातलं सर्वांत मोठं काम. देशभरातून लोक त्यांना बोलवायचे, त्या जायच्या नाहीत, लोकांना त्याचंही कौतुक.

आणि मग रोडपालीचा तो आला.

रोडपालीच्या जुन्या गावठाणातला मुलगा, घरातला पहिला शिकलेला, त्याच डोंगरावरच्या दुर्बिणीवर शास्त्रज्ञ म्हणून लागलेला. तिथे कॅमेरा बसवायचं काम त्याच्याकडे होतं. सुट्टीत घरी आला तसा लॅपटॉप घेऊन सरळ नेऱ्याला आला. फोटो उघडले. मधले तारे टाचणीच्या टोकासारखे, कडेचे मात्र लांबुळके, तांदळाच्या दाण्यासारखे.

"बाई, सगळ्या फोटोंत असंच येतं," तो अदबीने म्हणाला. "हवेमुळे असतं तर रोज वेगळं दिसलं असतं. कॅमेरा वाकडा असता तर एकाच बाजूला दिसलं असतं. हे चारी बाजूंना सारखं आहे. मला वाटतं, एखाद्या भिंगाची कड..."

"तांदूळ निवडायला आलास इथे?"

"मी गणित करून बघितलंय. तुम्ही एकदा बघाल का?"

बाईंनी गणित पाहिलं नाही. चारी भिंगांच्या चाचणीचे फोटो त्यांनी त्याच्या नाकासमोर धरले. सरळ रेघा, एकही वाकडी नाही. तो तरीही उठेना, तेव्हा त्यांचा तोल गेला. एरवी शुद्ध बोलणाऱ्या बाई रागावल्या की उरणच्या व्हायच्या. "माजी काच नाय चुकत! तुजा डोला तपास आदी!" असं ओरडून त्यांनी दार लावलं. एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी त्याच्या साहेबांना फोन केला आणि सांगितलं की तुमच्या या मुलाने कॅमेरा वाकडा बसवलाय आणि आता तो खापर माझ्यावर फोडतोय. बाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्याचा कॅमेरा काढून घेतला, मग पुढचं कंत्राट दिलं नाही. नंतर कळलं, तो रोडपालीलाच बारावीचे क्लास घेतो. ही बातमी मी बाईंना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं. तिथे काही वाकडं बसवायला नाही." मला ते मुळीच आवडलं नाही, पण माझाही साक्षीदारावर विश्वास होता.

पुढे काही वर्षांनी नवं काम आलं, दुसऱ्याच एका दुर्बिणीचं, डोंगरावरच्या कामाहून मोठं. त्या लोकांचा नियम असा की भिंग बनवणाऱ्याची एक चाचणी, आणि त्यांच्या माणसाची, त्यांच्या साधनाने, दुसरी. बाईंनी तो नियम अपमान म्हणूनच घेतला. त्या लोकांचा इंजिनिअर पुण्याहून आला, सोबत बारीक वर्तुळं कोरलेली एक काच घेऊन. मुलगा सालस. बाईंनी वास घेतला तेव्हा हसलासुद्धा नाही.

आमच्या साक्षीदाराने सांगितलं, भिंग तयार आहे. त्याच्या काचेने सांगितलं, नाही. रेघा वाकल्या. कडेला. नेमक्या कडेला.

त्यानंतरचे दिवस मला आजही नको वाटतात. तो म्हणत होता, कडेला थोडी काच अजून काढायला हवी. बाई म्हणत होत्या, हात लावाल तर तंगडं तोडीन. कोण खरं? तो चुकत असेल आणि आम्ही घासलं, तर भिंग कायमचं गेलं. तसली काच ओतून, वर्षानुवर्षं निववून मिळते, दुकानात मिळत नाही. बाई चुकत असतील आणि भिंग तसंच गेलं, तर एका अख्ख्या दुर्बिणीची कड जन्मभर आंधळी. भिंगावर थर चढवायला पाठवायची तारीख तोंडावर आलेली. इंजिनिअरच्या हातात अधिकार होता. त्याने ठरवलं असतं तर काम दुसरीकडे हलवलं असतं, आणि मग आमच्या शेडमध्ये खरोखरच मशरूम लावावे लागले असते.

"मॅडम, निदान तुमचा सेटअप एकदा चेक करू या," तो रोज म्हणायचा.

"तुमचा करा," बाई रोज म्हणायच्या.

दोघं वेगवेगळ्या झाडांखाली जेवायचे. डोंगरापलीकडच्या खाणीत दुपारी सुरुंग लावायचे. आधी भोंगा व्हायचा, मग जमीन थरथरायची आणि पडद्यावरच्या रेघा पाण्यासारख्या हलायच्या. मला दोघांचाही राग आला होता. भिंग मी घासलं होतं, त्याच्या कडेवरून माझा हात रोज फिरला होता, आणि मला कुणी काही विचारत नव्हतं.

एका सकाळी बाई आल्या, डब्यात घड्याळ टाकलं आणि म्हणाल्या, "साक्षीदार दोन, दोघांचं एकमेकांशी पटत नाही. मग दोघंही नकोत. आरोपीलाच विचारू."

ती जुनी, वेळखाऊ रीत होती. मध्ये कुठलीच मदतीची काच नाही. एक दिवा, एक दाढीचं ब्लेड, आणि भिंगासमोर धरायला भोकं पाडलेला पुठ्ठा. परत येणाऱ्या उजेडात ब्लेड हळूहळू सरकवायचं आणि एकेका भोकातली सावली कुठे मिटते ते बघायचं. पुठ्ठा मी धरला. आकडे इंजिनिअर लिहून घेत होता. बाई ब्लेडशी वाकून बसल्या होत्या. मधल्या भोकांचे आकडे ठीक आले. मग बाहेरची भोकं. बाईंनी एक आकडा सांगितला, थांबल्या, परत बघितलं, तोच आकडा सांगितला. तेवढ्यात खाणीचा भोंगा झाला. जमीन शांत होईपर्यंत आम्ही तिघं अंधारात बसून राहिलो. मग बाईंनी तिसऱ्यांदा बघितलं.

"हा मुलगा बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

त्या उठून बाकाकडे गेल्या. दिवे लावायला सांगितले. साक्षीदार काढला, तीन पायांचं गोलाई मोजायचं यंत्र त्याच्या एका बाजूवर टेकवलं, मग दुसऱ्या बाजूवर. त्या छोट्या भिंगाच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. डोळ्यांना फरक कळत नाही. एक बाजू किंचित सपाट आहे आणि ती दिव्याकडे हवी. ती दिव्याच्या विरुद्ध बाजूला होती.

"उलटा बसलाय."

मला एका क्षणात उलगडा झाला. मागे एका पावसाळ्यात छप्पर गळलं म्हणून आम्ही ते बाक उचलून समोरच्या भिंतीला लावलं होतं. दिवा शेडच्या त्याच टोकाला राहिला, फक्त बाकाशी उभं राहायची बाजू बदलली. आधी तिथे उभं राहिलं की दिवा डाव्या हाताला यायचा, आता उजव्या हाताला. बाक हलवताना काढलेला साक्षीदार बाईंनी पुसला आणि जन्मभराच्या सवयीने, सपाट बाजू डावीकडे करून, परत बसवला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला असता तर त्याने आधी दिवा कुठे आहे ते बघितलं असतं.

इंजिनिअरचा चेहरा उजळला. कडेला जास्तीची काच होती, म्हणजे घासता येणार होती. भिंग वाचलं होतं. "मॅडम, काही काळजी नाही! रिपोर्टमध्ये 'सेटअपमध्ये किरकोळ दुरुस्ती' एवढंच टाकतो. कमिटीला उगाच टेन्शन नको." मला तर नाचावंसं वाटत होतं.

बाई साक्षीदार हातात धरून उभ्या होत्या. "छप्पर गळलं," त्या मला म्हणाल्या, "तेव्हा डोंगरावरच्या कामाचं शेवटचं भिंग झालं होतं का?"

त्यांना उत्तर माहीत होतं. त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. नव्हतं झालं. ते भिंग त्यानंतर याच बाकावर पास झालं होतं.

मी त्यांना हात धरून बाहेर आंब्याखाली नेलं आणि अक्षरशः विनवलं. म्हटलं, बाई, तिकडे कुणी काही विचारलेलं नाही. कॅमेऱ्यावर फुटलंय खापर, फुटू दे. हे बाहेर पडलं तर नवं काम जाईल, शेड जाईल, तुमचं नाव जाईल, आणि आम्ही सगळे कुठे जाऊ? बाईंनी सगळं ऐकून घेतलं. दार लावण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"कडेला आणखी एक बसलाय," त्या म्हणाल्या. "रिक्षा बोलाव. रोडपालीला जायचंय." रिक्षा येईपर्यंत त्यांनी डोंगरावरच्या दुर्बिणीला ईमेल केली, माझ्यासमोर, मला वाचू देऊन. चूक माझी, भिंग परत पाठवा, आणि तुमच्या त्या शास्त्रज्ञाने हे मला आधीच सांगितलं होतं. त्याचं पूर्ण नाव घालून.

क्लास एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. तो फळ्यावर विजेचं सर्किट काढत होता. बाई दारात उभ्या राहिल्या आणि सगळ्या मुलांसमोर खणखणीत म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं. भिंगच चुकलं होतं. साक्षीदार मी उलटा बसवला."

मुलं आमच्याकडे बघायला लागली. त्याने खडू खाली ठेवला. मग त्याने विचारलं, "कडेला किती?"

बाईंनी त्या भिंगाचा, रिक्षात बसून हिशेब केलेला आकडा सांगितला.

"माझंही तेवढंच आलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही बघितलंसुद्धा नाही तेव्हा."

"नाही बघितलं. तिकडे कळवलंय मी आता. ते तुला परत बोलावतील."

"मला नाही जायचं तिथे." मुलांकडे पाठ करून तो दारापाशी आला आणि हळू आवाजात बोलू लागला. "बाई, तुम्हाला काही करायचंच असेल तर माझ्या आईला सांगा. तिला वाटतं मी तिथे काहीतरी भानगड केली म्हणून मला घालवलं. मी सांगून दमलो. तुमच्यासारखी मोठी बाई उगाच कशाला बोलेल, म्हणते."

घर टॉवरांच्या मागे, गावठाणात. त्याची आई अंगणात विळी घेऊन मासळी साफ करत बसली होती. बाई तिच्यासमोर तशाच जमिनीवर बसल्या, आणि ज्या बोलीत त्यांनी त्या मुलाला हाकललं होतं त्याच बोलीत, पण अगदी हळू, बोलायला लागल्या. रागाशिवाय ती बोली मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकली.

"बाय, तुज्या पोराची नोकरी मी घालवली. चूक त्याची नव्हती, माजी व्हती."

विळीवरचा हात थांबला. "काय केलंस तू?"

"काच उलटी लावली. त्यानी दाकवली. मी त्यालाच खोटा पाडला."

"सगल्या गावात मी मान खाली घालून फिरले," ती म्हणाली. ओरडली नाही. "त्याचा बाप मरताना बी त्याला तेच विचारीत व्हता. काय चोरलंस रे, म्हनून. पोर रडला नाय, नुसता बगत ऱ्हायला."

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला त्याची लाज वाटत होती, कारण त्या दोघींपैकी कुणीच रडत नव्हतं. त्याची आई उठली, मोरीवर जाऊन तिने हात धुतले. मला वाटलं, आता पाणी आणेल. या गावांत दारी आलेल्या माणसाला चहापाण्याशिवाय कुणी उठू देत नाही. ती रिकाम्या हाताने परत आली.

"सांगाया आलीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "पन आज तुला चा नाय देनार मी. परत ये, तवा बगू."

बाई जमिनीला हात टेकून उठल्या. "येन," म्हणाल्या आणि चपला घातल्या.

रिक्षापाशी मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, कशाला परत जायचं? दारातून उठवलंन तिने तुम्हाला."

बाई रिक्षात आत सरकून बसल्या, मला जागा केली. "उठवलंन कुठे?" त्या म्हणाल्या. "बोलावलंन."